विहीर खोल करू नका: प्रवाळबेटांवर पाणी का संपतं

तुमची मालदीवमधल्या एका लहान बेटावर शिक्षिका म्हणून नेमणूक होते आहे आणि तिथल्या सहकाऱ्यांनी फोनवर सांगितलंय की फेब्रुवारी-मार्चमध्ये पाण्याची ओढ असते. म्हणून तुम्ही विचारताय: वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथं दुष्काळ कसला? बोअर का मारत नाहीत? चारी बाजूंनी समुद्र आहे, तेच पाणी गोडं करून का वापरत नाहीत? आणि आपण घरात काय तयारी ठेवावी?

मी मूळचा माणदेशातला, काम भूजलाचं. पहिली दहा-बारा वर्षं कोरड्या विहिरी मोजण्यात गेली, नंतर योगानं लक्षद्वीपला गेलो आणि तिथून पुढं प्रवाळबेटांचाच झालो. त्यामुळे तुमचा बोअरचा प्रश्न वाचून हसू आलं. पहिल्या खेपेला मीही तोच विचारला होता.

आमच्याकडे दुष्काळ पडला की माणूस खाली जातो. विहीर दोन परस खोल करायची, पाणी लागलं नाही तर विहिरीत आडवं बोअर, मग उभं बोअर, दोनशे फूट, चारशे फूट, जमीन विकून आठशे फूट. खाली कुठंतरी पाणी असणारच, आपणच पोचलो नाही, ही आमची श्रद्धा. प्रवाळबेटावर ही श्रद्धा घातक आहे. तिथं गोडं पाणी वर असतं आणि खाली समुद्र असतो. जितकं खोल जाल तितकं खारट.

हे समजायला बेटाचा आडवा छेद डोळ्यासमोर आणा. प्रवाळबेट म्हणजे वाळू आणि प्रवाळाचा चुरा यांचा समुद्रसपाटीपासून दोन-तीन मीटर वर आलेला पट्टा. नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. पडलेला पाऊस वाळूत सरळ मुरतो. वाळूच्या खालच्या भागात समुद्राचं पाणी आधीच शिरलेलं असतं, कारण वाळू त्याला अडवत नाही. पावसाचं पाणी हलकं, समुद्राचं जड. ते एकदम मिसळत नाहीत. गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, बेटाच्या मध्यावर जाड, कडांना पातळ, भिंगासारखं. आम्ही त्याला लेन्सच म्हणतो.

ही लेन्स किती जाड असते याचा एक जुना हिशेब आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाडन गायबेन या डच लष्करी इंजिनिअरनं आणि 1901 मध्ये हर्झबर्ग या जर्मन इंजिनिअरनं तो स्वतंत्रपणे मांडला. गोड्या पाण्याची घनता 1.000 धरली आणि समुद्राच्या पाण्याची 1.025, तर समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची जेवढी उंची, त्याच्या चाळीस पट खोली खाली. म्हणजे विहिरीतलं पाणी समुद्रपातळीच्या वर 30 सेंटिमीटर असेल तर खाली 12 मीटर गोडं पाणी. ऐकायला छान वाटतं. आता हेच उलटं वाचा. उपशानं वरची पातळी फक्त 5 सेंटिमीटर उतरली, तर खालून समुद्र कालांतरानं 2 मीटर वर येणार. पाच सेंटिमीटर म्हणजे चार बोटांपेक्षाही कमी. विहिरीत वाकून पाहणाऱ्याला तो फरक दिसतसुद्धा नाही, कारण भरती-ओहोटीबरोबर विहिरीतलं पाणी रोज त्याहून जास्त वर-खाली होत असतं.

प्रत्यक्षात हिशेब इतका स्वच्छ नसतो. गोडं आणि खारं यांच्यामध्ये रेघ नसते, कित्येक मीटर जाडीचा मचूळ पट्टा असतो. शिवाय बऱ्याच प्रवाळबेटांखाली साधारण पंधरा-वीस मीटरवर वाळू संपून जुना, पोखरलेला चुनखडक लागतो. त्याच्या भोकांतून समुद्र इतका मोकळा खेळतो की लेन्सचा तळ तिथंच कापला जातो. बेटाची रुंदी अडीचशे-तीनशे मीटरपेक्षा कमी असेल तर टिकाऊ लेन्स जवळजवळ बनतच नाही. नकाशावर हिरवं दिसणारं, माडांनी गच्च भरलेलं बेट असतं, आणि त्याखाली पिण्याजोगं पाणी फारसं नसतं.

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव तुम्ही पाहिल्या असतील. भर समुद्रात विहिरीला गोडं पाणी, याचं लोकांना नवल वाटतं. तो किल्ला खडकावर आहे, तिथली रचना प्रवाळबेटापेक्षा वेगळी. पण बेट खडकाचं असो की वाळूचं, पाणी वरूनच यावं लागतं आणि साठायला जागा तेवढीच. शेजारच्या तालुक्यातून पाझरून येणारं काही नाही. आमच्या गावाला निदान उरमोडी, टेंभू अशा योजनांची आशा तरी असते.

आता दोन हजार मिलिमीटरचं. कोकणातल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि एप्रिलमध्ये टँकर, हे तिथं दरवर्षीचं. वार्षिक पावसाचा आकडा पाण्याच्या माणसाला फारसं काही सांगत नाही. बेटावर तर मी मिलिमीटर विचारतच नाही, पावसाशिवाय सलग किती दिवस जातात ते विचारतो. छपरावरच्या पाण्याची टाकी दोन-चार आठवड्यांत रिकामी होते. लहान बेटावरची पातळ लेन्स काही महिन्यांत मचूळ होते. मोठ्या बेटावरची जाड लेन्स वर्ष-दोन वर्षं कमी पावसाची सोसते, पण एकदा बिघडली की सावरायलाही तेवढाच वेळ घेते. एकाच बेटावर ही तीन घड्याळं वेगवेगळ्या वेगानं चालत असतात. ‘दुष्काळ पडलाय का’ या प्रश्नाचं उत्तर, तुम्ही कुठल्या घड्याळाकडे बघताय त्यावर ठरतं.

2011 सालचं तुवालू घ्या. प्रशांत महासागरातला देश, सगळी जमीन मिळून 26 चौरस किलोमीटर, लोकसंख्या दहा-अकरा हजार. राजधानी फुनाफुतीला वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, म्हणजे आपल्या कोकणाइतका, आणि तोही वर्षभर विभागून. त्यामुळे लोकांनी टाक्या लहान बांधल्या, कारण पाऊस कधी लांब जातच नसे. मग ला निना आला (प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा गार पडतं आणि पावसाच्या जागा बदलतात ती स्थिती; पाणी तापतं तो एल निनो), कित्येक महिने नीट पाऊसच नाही, आणि 28 सप्टेंबरला आणीबाणी जाहीर झाली. फुनाफुतीत घरटी दिवसाला दोन बादल्या, साधारण 40 लिटर पाणी. माणशी नव्हे, घरटी. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियानं विमानानं पाणी आणि क्षार काढायची यंत्रं पोचवली. फुनाफुतीच्या जमिनीखालचं पाणी का वापरलं नाही? एक तर तिथं दाट वस्तीच्या सांडपाण्यानं ते नासलेलं. आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं धावपट्टीसाठी बेटाच्याच पोटातून वाळू-प्रवाळ उपसून मोठे खड्डे केले होते, त्यांत वर्षानुवर्षं मचूळ पाणी आणि कचरा साचलेला. ते खड्डे 2015 मध्ये बुजवले गेले.

ला निना आणि एल निनोबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण आपल्याकडे एल निनो म्हणजे दुष्काळ हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. प्रशांत महासागरात ते जागेवर अवलंबून. विषुववृत्ताजवळच्या किरिबाससारख्या बेटांना ला निना कोरडा जातो. (लिहिताना किरिबाटी लिहितात, तिथले लोक म्हणतात किरिबास.) त्यांच्याच उत्तरेकडच्या मार्शल बेटांना मोठ्या एल निनोच्या पाठोपाठ येणारे महिने भाजून काढतात. 1998 मध्ये मार्शल बेटांची राजधानी माजुरो इथं नळाला पंधरवड्यातून काही तास पाणी येत होतं. 2016 च्या फेब्रुवारीत तिथं पुन्हा आणीबाणी. माजुरोची गंमत म्हणजे शहराचं मुख्य पाणलोट क्षेत्र विमानतळाची धावपट्टी आहे. धावपट्टीवर पडलेला पाऊस गोळा करून शेजारच्या तलावांत साठवतात. आपल्याकडे धरणाच्या वर डोंगर असतो, तिथं डांबर आहे. धावपट्टीवर पाऊस नाही पडला की तलाव संपले. मग बेटाच्या दुसऱ्या टोकाला, लॉरा नावाच्या रुंद भागात जी लेन्स आहे, तिच्यावर सगळा भार.

या सगळ्याची एक चांगली बाजू आहे आणि तिचा उपयोग फार कमी होतो. एल निनो-ला निना काही महिने आधी कळतात. म्हणजे अशा बेटावर दुष्काळ रातोरात येत नाही. तो येणार हे हवामानखात्याला माहीत असतं, जहाजं पाठवणाऱ्याला माहीत असतं. तरी टाकी अर्धी असताना कुणी पाणी मोजून देत नाही, तळ दिसल्यावर आणीबाणी लागते. मी जिथं जिथं सल्ला दिला तिथं एकच आग्रह धरला: टाक्यांची पातळी अमुक खाली गेली आणि तीन महिन्यांचा पाऊस अमुक खाली गेला की पाणीकपात आपोआप सुरू व्हावी, त्यासाठी बैठक लागू नये. एका बेटानं ते लिहून घेतलं. पुढच्याच वर्षी निवडणूक होती. कपात लागली नाही.

तुम्ही जाताय ते मालदीव. तिथं दोन ऋतू, नैऋत्य वाऱ्याचा ‘हुळंगु’ आणि ईशान्य वाऱ्याचा ‘इरुवाय’. इरुवायचे जानेवारी ते एप्रिलचे महिने कोरडे. माले शहराखाली पूर्वी बरी लेन्स होती, दोन-एक चौरस किलोमीटरच्या बेटावर गर्दी वाढत गेली तशी ती उपसून आणि नासून संपली. 1978 मध्ये देशात कॉलऱ्याची साथ आली, कारण विहीर आणि शौचखड्डा एकाच वाळूत, काही पावलांवर. 1988 पासून मालेत समुद्राचं पाणी गोडं करायला सुरुवात झाली आणि आज सगळं शहर त्याच पाण्यावर जगतं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच ‘करतात की’ असं आहे. पण 4 डिसेंबर 2014 ला काय झालं ते पाहा. मालेच्या त्या एकुलत्या प्रकल्पात आग लागली आणि लाखभर माणसांचे नळ एका दिवसात कोरडे. दुष्काळ नव्हता, भर पावसाचे दिवस संपत आले होते. भारतानं ‘ऑपरेशन नीर’ काढून हवाई दलाच्या विमानांनी बाटलीबंद पाणी पाठवलं, आयएनएस सुकन्या पोचली, मागून आयएनएस दीपक सुमारे 1,000 टन पाणी घेऊन गेली. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र पावसाची चिंता मिटवतं. त्या जागी वीज, डिझेल, सुटे भाग आणि चालवणारा माणूस अशा चार चिंता आणून ठेवतं.

आरओ घरातलं सगळ्यांनी पाहिलंय. समुद्राच्या पाण्याचं आरओ म्हणजे त्याचा थोरला भाऊ. लिटरमागे 35 ग्रॅम मीठ असलेलं पाणी पडद्यातून ढकलायला साधारण 60 बार दाब लागतो. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास तीस पट. चांगल्या मोठ्या प्रकल्पात हजार लिटरला तीन-चार युनिट वीज जाते, लहान यंत्राला त्याहून जास्त. बेटावर वीज डिझेल जनरेटरची, डिझेल जहाजातून, जहाज महिन्यातून एकदा. एका बेटावर (नाव नको) देणगीतून आलेलं झकास यंत्र मी पत्र्याच्या शेडमध्ये बंद पडलेलं पाहिलं. बिघाड काय, तर उच्च दाबाच्या पंपाचं सील गेलेलं. हातात मावेल एवढी वस्तू. ती मागवायची तर मागणीपत्र, मंजुरी, परदेशी चलन, जहाज. आठ महिने. तोवर पडद्यांवर शेवाळ चढून तेही गेले. शेडच्या दारावर देणगीदाराची पाटी मात्र चकचकीत होती, रोज कुणीतरी पुसत असावं.

लक्षद्वीपला आपल्या चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं वेगळी वाट काढली. 2005 मध्ये कवरत्तीला दिवसाला एक लाख लिटरचा प्रकल्प सुरू झाला, त्यात पडदाच नाही. बेटाचा कडा समुद्रात इतका सरळ उतरतो की किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर साडेतीनशे मीटरहून जास्त खोली मिळते. तिथलं पाणी बारा-तेरा अंशांचं, वरचं अठ्ठावीस. वरचं कोमट पाणी हवा काढून घेतलेल्या टाकीत सोडलं की थोडं आपसूक वाफ होतं, आणि खालच्या गार पाण्यानं ती वाफ थंड केली की गोडं पाणी. पावसाळ्यात गार पाण्याच्या तांब्यावर थेंब धरतात, तेच मोठ्या प्रमाणावर. पुढं मिनिकॉय, अगत्ती आणि आणखी बेटांवर ते झालं. विजेच्या पंपांवर तेही चालतं, खोल पाण्यात लोंबणारा लांबच लांब पाइप वादळात जपावा लागतो. पण चालवायला सोपं आणि पडदे बदलायची कटकट नाही. मला ते मनापासून आवडतं, हे आधीच सांगून टाकतो.

परत विहिरीकडे येतो, कारण माझा जीव तिथं आहे. लक्षद्वीपला घरटी विहीर असते, दीड-दोन मीटर खोल. पूर्वी पोहऱ्यानं पाणी शेंदायचे. पोहरा पाण्याच्या वरच्या थरातून अलगद पाणी उचलतो आणि दोन बादल्यांच्या मध्ये विहिरीला दम घ्यायला वेळ देतो. मग घरोघर अर्ध्या अश्वशक्तीची मोटर आली. मोटर एका जागी, एका दमात ओढते. ज्या बिंदूवर ती ओढते त्याच्या बरोबर खालून खारं पाणी शंकूसारखं वर चढतं. एका घरात आजी मला म्हणाल्या (मुलानं हिंदीत सांगितलं) की मोटर बसवल्यापासून चहा बदललाय. मी ईसी मीटर बुडवला. मोटर चालू करण्यापूर्वी 900, पाऊण तासानं 2,600. ईसी म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते त्याचं माप, पाण्यातलं मीठ त्यावरून कळतं. समुद्राचा आकडा पन्नास हजाराच्या आसपास असतो आणि अडीच हजाराच्या वर पाणी तोंडाला मचूळ लागतं. मोटर बंद करून संध्याकाळी पुन्हा मोजलं तर 1,300. म्हणजे विहिरीत पाणी होतं, लेन्सही होती, घाई मात्र जिरत नव्हती. आजींची जीभ माझ्या मीटरपेक्षा आधी बोलली होती.

यावर उपाय आहे आणि तो अगदी साधा. उभ्या विहिरीऐवजी आडवी. पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली भोकं पाडलेला आडवा पाइप वाळूत पुरायचा, मध्ये एक हौद, त्यात लहान पंप, आणि तो दिवसभर संथ चालवायचा. दुधावरची साय काढतो तसं पाणी काढायचं. पळी खाली घातली की साय फुटते. किरिबासच्या दक्षिण तारावाला पन्नास हजारांहून जास्त लोकांना बोनरिकी आणि बुओटा इथल्या लेन्समधून अशाच आडव्या पाइपांनी पाणी मिळतं. एकेक ओळ जवळपास 300 मीटर लांब. तरीही किरिबासला जून 2022 मध्ये दुष्काळाची आपत्ती जाहीर करावी लागली. बोनरिकीची लेन्स सरकारनं राखीव ठेवली, पण वरची जमीन कुटुंबांची. माझ्याच जमिनीवर मी घर बांधायचं नाही, डुकरं पाळायची नाहीत, आणि पाणी शहरानं प्यायचं, हे मालकाला कसं पटावं? तिथल्या पाण्याचा निम्मा प्रश्न जमिनीचा आहे. आपल्याकडे धरणग्रस्तांशी बोललेल्या माणसाला हे लगेच कळतं.

तारावाची एक कल्पना मात्र आपल्या किनारी शहरांनीही बघावी. 1977 च्या कॉलऱ्यानंतर तिथं काही दाट वस्त्यांत संडासाला समुद्राचं पाणी देणारी वेगळी नळयोजना झाली. गोड्या पाण्यानं फ्लश करणं हा बेटावर शुद्ध वेडेपणा आहे. एका दांडीत सहा-आठ लिटर, म्हणजे एका माणसाचं दोन दिवसांचं पिण्याचं आणि चहाचं पाणी.

माडांचंही सांगायला हवं. माड सावली देतो, खोबरं देतो, पण त्याची मुळं थेट लेन्समध्ये उतरलेली असतात. मोठा माड दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी ओढू शकतो. विहिरींच्या राखीव भागात माड कमी करा असं मी एकदा सुचवलं. सभेत जी शांतता पसरली ती आठवली की अजून कान गरम होतात. कोकणात जाऊन कलमं तोडा म्हणण्यासारखंच ते. पुन्हा सुचवलं नाही.

शेतीत पहिला बळी पुलाकाचा. हा आपल्या अळूच्या कुळातला, पण पानं माणसाएवढी. तुवालूत त्यासाठी वाळूत लेन्सपर्यंत खड्डा खणतात, तळाशी गोड्या पाण्यात ओली माती आणि पालापाचोळा घालून कंद वाढवतात. किरिबासमध्ये त्याला बाबाई म्हणतात. लेन्स मचूळ झाली की पानांच्या कडा आधी पिवळ्या पडतात. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना त्या पानावरून पाण्याची तब्येत कळते. आणि एकदा खड्ड्यात मीठ शिरलं की पीक पुन्हा उभं राहायला वर्षं जातात.

दुष्काळ बेटांना नवा नाही, हेही लक्षात असू द्या. किरिबासमधलंच बनाबा हे उंच उचललेलं, सहा चौरस किलोमीटरचं प्रवाळबेट. तिथं ना ओढा ना नेहमीची विहीर. पाणी जमिनीखालच्या गुहांत साचतं, त्यांना बांगाबांगा म्हणतात, आणि तिथं उतरून करवंट्यांत पाणी भरून आणायचा मान फक्त बायकांचा होता. 1873 च्या सुमारास सुरू झालेल्या तीन वर्षांच्या दुष्काळात या बेटावरची तीन चतुर्थांशांहून अधिक माणसं गेली. नंतर 1900 ते 1979 फॉस्फेटसाठी बेट खरवडून काढलं गेलं आणि त्या गुहांचीही वाट लागली. आता तिथले थोडेथोडके लोक यंत्राच्या पाण्यावर जगतात. यंत्र बंद पडलं की काय, हे वर सांगितलंच.

समुद्रपातळी वाढल्यामुळे बेटांचं पाणी खारट होतंय, असं सरसकट लिहिलं जातं. पुढं जाऊन ती मोठी गोष्ट असणारच, विशेषतः कडा झिजून बेट अरुंद झालं तर. लाट बेटावरून वाहून गेली तर काय होतं तेही पाहिलेलं आहे: 2005 च्या चक्रीवादळात कुक बेटांमधल्या पुकापुकाची लेन्स खारट झाली, ती पुन्हा गोडी व्हायला सुमारे अकरा महिने लागले. पण आज एखाद्या बेटावरची विहीर मचूळ झाली तर मी आधी मोटर बघतो, मग पाऊस, मग लोकसंख्या. समुद्रपातळीवर बोट ठेवणं सगळ्यांनाच सोयीचं असतं. पंपावर ठेवलं की गावात कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं.

डोंगराळ बेटांचं गणित वेगळं, म्हणून त्यावर फार बोलत नाही. मॉरिशसला आपले मराठी लोक पिढ्यानपिढ्या आहेत, तिथंही नळाला वेळापत्रक लागतं. मधल्या पठारावर चार हजार मिलिमीटर, पश्चिम किनाऱ्यावर हजारही नाही. सगळ्यात मोठा जलाशय मार ओ व्हाकोआ, सुमारे 2.6 कोटी घनमीटरचा. म्हणजे एक टीएमसीही नाही, आपल्या खडकवासल्याच्या निम्म्याला टेकतो. आणि जलवाहिन्यांत घातलेल्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास गळतीत आणि हिशेबाबाहेर जातं. तिथं नवं धरण बांधण्याआधी जुने पाइप बदला, एवढंच माझं म्हणणं.

आता तुमचं घर. तुमच्या बेटावर बहुधा आरओचं नळपाणी असेल किंवा छपराचं पाणी, किंवा दोन्ही, शिवाय अंगणात आंघोळ-धुण्याची विहीर. 2004 च्या सुनामीनंतर तिथं घरोघर 2,500 लिटरच्या प्लास्टिकच्या टाक्या दिल्या गेल्या, त्यातली एक तुमच्याही वाट्याला येईल. त्या टाकीचा हिशेब करून ठेवा. पाच माणसं, माणशी पाच लिटर फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला, म्हणजे दिवसाला 25 लिटर. टाकी शंभर दिवस पुरते. जानेवारी ते एप्रिलचा कोरडा काळ जवळपास तेवढाच. पण त्याच टाकीतून आंघोळी आणि कपडे सुरू केले आणि खर्च दिवसाला 150 लिटरवर गेला, तर सोळा दिवस. फेब्रुवारीत होडीनं पाणी मागवणाऱ्या घरांत मी डोकावलो तेव्हा बहुतेक ठिकाणी टाकी लहान नव्हती, टाकीला नळ दोन होते: एक स्वयंपाकघराला, एक न्हाणीघराला. दुसरा बंद करा. न्हाणीला विहीर.

छपराचंही माप घ्या. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर, वाया जाणारं धरून ऐंशी. एक चांगली तीस मिलिमीटरची सर आली की टाकी जवळपास भरली. पण मी पाहिलेल्या निम्म्या घरांत पन्हळ छपराच्या एकाच बाजूला होती, दुसऱ्या बाजूची पागोळी वाळूत. नवी टाकी घेण्यापेक्षा दुसऱ्या बाजूला पन्हळ लावणं कितीतरी स्वस्त. कोरडे दिवस गेल्यावर पहिल्या सरीचं पाणी टाकीत घेऊ नका. छपरावर पक्ष्यांची विष्ठा, पानं, समुद्राची खार, सगळं त्यात येतं. पाइपाला एक आडनळी लावून ते बाहेर सोडा. टाकीच्या तोंडाला बारीक जाळी, डासांसाठी. टाकीत पाणी किती आहे ते बोटाच्या पेराने वाजवून कळतं, वर पोकळ आवाज आणि खाली भरीव; आठवड्यातून एकदा खडूनं रेघ मारून तारीख लिहा. विहिरीचं पाणी पिऊ नका, दिसायला कितीही नितळ असलं तरी. शेजारच्या घराचा शौचखड्डा त्याच वाळूत आहे.

आणि विहिरीची मोटर सलग चालवू नका. दहा मिनिटं, मग तासभर बंद. डाळ शिजेनाशी झाली, साबण फेस देईना, चहा वेगळा लागायला लागला, तर आठवडाभर मोटरीला हात लावायचा नाही. पन्हळी मात्र डिसेंबरच्या शेवटच्या सरींच्या आधी झाडून घ्या. त्यासाठी शिडी शेजाऱ्यांकडे मिळते. नोव्हेंबरातच मागून ठेवा, सगळ्या गल्लीत एकच असते.